थांबायची एक घंटा

ही हकिकत सांगायची मी सत्तेचाळीस वर्षं टाळली. टाळायला कष्ट पडले नाहीत, कारण कुणी विचारतच नव्हतं. मी एसटीत तेहतीस वर्षं कंडक्टर होतो. त्यातली निम्मी वर्षं म्हसवड ते सांगली याच रस्त्यावर गेली. या रस्त्याबद्दल मी निवृत्त मंडळींच्या अंकात पूर्वी दोनदा लिहिलं आहे. आटपाडीची डाळिंबं, विट्याची भेळ, तासगावचे बेदाणे, सगळं लिहिलं. एक गोष्ट दोन्ही वेळा गाळली. या वेळी ती गाळायची नाही असं ठरवून बसलो आहे. माझी बायको हौसा समोर शेंगा फोडत बसली आहे. लिहून झालेलं पान तिला वाचून दाखवायचं, अशी तिची अट आहे.

पहिला दिवस : म्हसवड ते माधवनगर

निमित्त बारशाचं होतं. आमची थोरली लेक शालन सांगलीजवळ माधवनगरला दिलेली आहे. तिची मुलगी प्राजक्ता दोन महिन्यांपूर्वी बाळंत झाली. पणतीचं बारसं म्हटल्यावर मी नेहमीप्रमाणे एकट्याची पिशवी भरायला घेतली. आमच्या घरात असंच चालत आलं आहे. कंडक्टरच्या बायकोला एसटीचा पास मिळतो, पण हौसाचा पास वर्षानुवर्षं ट्रंकेत कोरा पडून राहिला. लग्नं, बारशी, जत्रा, सगळीकडं मी एकटा. तिची आई वारली तेव्हासुद्धा ती एसटीत बसली नाही. मिरच्यांच्या टेम्पोत मागं पोत्यांवर बसून गेली आणि पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. तेव्हा मी तिला लोकांसमोर बोललो होतो, "नवऱ्याच्या गाडीचं हिला वावडं हाय."

या वेळी मात्र तीच म्हणाली, "मी बी येणार. पणती बघायची हाय. पुढचं पुढं."

साडेसातच्या गाडीला आम्ही स्टँडवर गेलो. तिच्या पिशवीत बाळंतिणीसाठी हुलग्याचं पीठ, शेंगदाण्याची चटणी, बाजरीच्या भाकरी, दोन जादा लुगडी आणि काळ्या घोंगडीचा हातभर तुकडा. हा तुकडा ती कायम बरोबर ठेवते. कुणाच्या घरी गेली तरी आधी तो अंथरणार, मग बसणार. "देवीला आसन लागतं," असं मी चारचौघांत हसून म्हणत असे. तेव्हाही तिनं तो गाडीतल्या बाकावर अंथरला आणि खिडकीशी बसली.

आमच्या गाडीची कंडक्टर पंचविशीतली मुलगी होती. खाकी कपडे, गळ्यात तिकिटाचं यंत्र, आणि आवाज असा की शेवटच्या बाकावरचा झोपलेला माणूससुद्धा तिकिटाला हात पुढं करील. मला बरं वाटलं. मी तिला माझी ओळख सांगितली. "व्हय का? मग बसा निवांत, आज काम माझ्याकडं," ती म्हणाली.

गाडी सुटली तशी हौसानं हळूच विचारलं, "आवं, आटपाडीच्या स्टँडात बायकांची सोय कुठल्या अंगाला हाय?"

मला सांगता येईना.

"बरं, विट्यात?"

तेही येईना. त्या स्टँडांवर कोणाच्या टपरीवरचा चहा कडक, कुठल्या भज्याला तेल जुनं, पेपर कुठं मिळतो, कुठल्या नळाला पाणी गोड, हे मला झोपेतून उठवून विचारा. पण आयुष्यभर ज्यांना मी चढवलं-उतरवलं त्यातल्या निम्म्या माणसांची ही गरज कुठं भागते, हे मी कधी बघितलंच नव्हतं. हौसानं आदल्या रात्रीच्या जेवणापासून पाण्याचा थेंब घेतला नव्हता, हेही मला तेव्हाच कळलं.

तिनं मग कंडक्टरणीलाच विचारलं. ती पोरगी शेजारी टेकली आणि खालच्या आवाजात तिनं सगळा रस्ता सांगितला. कुठं दार लागतं, कुठं कडी तुटली आहे, कुठं किल्ली मागावी लागते. ज्या स्टँडवर कुलूप असतं त्याचं नाव इथं लिहीत नाही. शेवटी मी एसटीचाच माणूस. "मला रोजचंच हाय की हे, आजी," ती म्हणाली. "लागलं तर मध्येच सांगा. गाडी थांबवू."

दिघंची मागं पडली आणि हौसानं मला कोपरानं ढोसलं. तिच्या कपाळावर घाम होता. मी काही विचार केला नाही. माझा हात आपोआप वर गेला आणि दोरी ओढून मी सिंगल बेल दिली. एक घंटा म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला. गाडी करकचून थांबली.

"आजोबा! घंटी माझी हाय!" कंडक्टरीण मागून ओरडली. गाडी हसली. मग तिनं हौसाकडं बघितलं आणि दार उघडलं.

हौसा उतरताना माझ्याकडं वळून म्हणाली, "शेवटी वाजीवली म्हणायची तुमी."

ती बाभळीच्या आड गेली. मी सवयीनं घड्याळ बघितलं. परत येऊन बसेपर्यंत तीन मिनिटं झाली. तीन मिनिटांत एका म्हाताऱ्यानं तंबाखू मळली, एका बाईनं पोराचं नाक पुसलं, ड्रायव्हर बाटलीतलं पाणी प्यायला. कुणी काही बोललं नाही. विट्याला गाडी वेळेवर पोचली.

विट्याच्या आधी, आटपाडी सोडल्यावर थोड्या वेळानं एक फाटा लागतो. तिथं एक मोठा कडुलिंब आहे, म्हणून सगळे त्याला लिंबाचा फाटा म्हणतात. पूर्वी तिथं नुसतं माळरान होतं. आता कालव्याचं पाणी आलं आहे, डाळिंबाच्या बागा आहेत, चहाचं एक पत्र्याचं हॉटेलही झालं आहे. त्या फाट्यावरून गाडी गेली तेव्हा हौसा खिडकीतून मागं वळून वळून बघत राहिली. मी समोरच्या बाकाची नळी धरून खाली बघत होतो. जे गाळत आलो ते इथंच घडलं होतं.

शालन तेव्हा आठ महिन्यांची होती. हौसा तिला घेऊन तासगावजवळ माहेरी निघाली होती, माझ्याच गाडीनं. नोकरीला लागून मला दोनच वर्षं झाली होती. बाजाराचा दिवस होता, माणसं दारापर्यंत उभी. हौसाच्या शेजारी एक मेंढरं राखणाऱ्यांतली बाई बसली होती, मांडीवर तीन-एक वर्षांचं पोरगं. आटपाडी सोडल्यावर हौसा म्हणाली, "आवं, गाडी जरा थांबवा की." मी म्हणालो, भिवघाटात थांबू. थोड्या वेळानं तिनं पुन्हा सांगितलं. आवाज रडकुंडीला आला होता. गाडीला वीस मिनिटं उशीर झाला होता, पुढं तपासणीचं पथक उभं असल्याची कुणकुण होती, आणि सगळ्यांत खरं कारण हे की स्वतःच्या बायकोसाठी गाडी थांबवली असं कुणी म्हणू नये. मी डबल बेल दिली.

थोड्या वेळात बाकाखालून पाण्याचा ओघळ निघाला आणि पुढं वाहत आला. एका पांढऱ्या टोपीवाल्यानं पाय वर घेतले. "आरं, हे कुणाचं रं?" माणसं हसायला लागली. मी वळलो. हौसाचा चेहरा बघितला आणि मला सगळं कळलं. तरी मी माझ्या कंडक्टरच्या आवाजात त्या शेजारच्या बाईवर ओरडलो, "पोरगं सांभाळता येत न्हाई तर एसटीत कशाला बसता?"

ती बाई माझ्याकडं बघत राहिली. मग तिनं हौसाकडं बघितलं. पोराला जवळ ओढलं आणि मोठ्यानं म्हणाली, "व्हय बाबा. माज्याच पोरानं केलं."

"उतरवा, उतरवा," मागून कोणीतरी म्हणालं. आणि मी सिंगल बेल दिली. बायकोसाठी जी घंटा दिली नव्हती ती त्या बाईला उतरवायला दिली. तिचं तिकीट भिवघाटापर्यंतचं होतं. लिंबाच्या फाट्यावर, भर उन्हात, पोराला काखेत घेऊन ती उतरली. मी पुन्हा दोरी दोनदा ओढली.

हौसा त्यानंतर एसटीत चढली नाही. आम्ही या विषयावर कधी बोललो नाही.

माधवनगर

बारसं चांगलं झालं. माधवनगरात पूर्वी गिरण्यांचा भोंगा वाजला की लोक घड्याळं लावत. आता ते सगळं शांत आहे, पण गल्ल्यांत अजून गिरणीच्या वेळेनं जेवायची सवय असलेली म्हातारी माणसं भेटतात. आमच्याकडं बारशाला घुगऱ्या वाटतात, इथंही वाटल्या, पण इथल्या घुगऱ्यांत ओलं खोबरं सढळ. आमच्या माणदेशात पाणी जपून वापरतात. इथं अंगणसुद्धा नळी लावून धुतात. हौसा ते बघून दर वेळी चुकचुकायची.

मला नवल वाटलं ते प्राजक्ताचं. आमच्या वेळी सव्वा महिना झाला की बाळंतीण कामाला. ही पोरगी रोज सकाळी सतरंजीवर आडवी होऊन "दहा आकडे आवळून धर, सोड" असं काहीतरी करायची. बाळंतपणात आतले स्नायू ताणतात म्हणून डॉक्टरांनी सोनोग्राफी करून बघितलं आणि व्यायाम दिले, असं तिनं बिनदिक्कत माझ्यासमोर सांगितलं. शालन लाजून आत गेली. हौसा मात्र दाराशी उभी राहून ऐकत होती.

दुपारी पाळण्यापाशी बसताना तिला खाली वाकता येईना. प्राजक्तानं तिला आतल्या खोलीत नेलं. दार लावून घेतलं. बऱ्याच वेळानं प्राजक्ता बाहेर आली तेव्हा तिचे डोळे लाल होते.

"अण्णा, आजीचं अंग बाहेर येतंय. दोन वर्षं. तिला वाटतंय कॅन्सर हाय. म्हणून म्हणे ती आली, मरायच्या आदी पणती बघून घ्यावी म्हणून. तुमाला कायबी म्हाईत न्हाई?"

मला माहीत नव्हतं. एका खोलीत झोपणाऱ्या माणसाला माहीत नव्हतं.

दवाखान्यात

दुसऱ्या दिवशी आम्ही सांगलीला प्राजक्ताच्या डॉक्टरांकडं गेलो. डॉक्टरीणबाई चाळिशीच्या, कवठेमहांकाळकडच्या. त्यामुळं हौसाला बोलायला सोपं गेलं. आधी त्यांनी पडद्याआड तपासलं. मग म्हणाल्या, "आजी, आता सोनोग्राफी करू. आत काही घालायचं नाही. हे यंत्र नुसतं बाहेरून टेकवायचं. काका बाहेर थांबतील."

"असू द्या त्यांना हितंच," हौसा म्हणाली. "त्यांना बी दिसू दे."

मला तिच्या उशाशी स्टूल दिलं. मधे पडदा होता. मला फक्त तिचा चेहरा आणि समोरचं यंत्र दिसत होतं.

"बाई," हौसा म्हणाली, "भाईर पाटी लावलीया, मुलगा का मुलगी सांगत न्हाई म्हणून. माजं काय निघतंय ते तरी सांगा."

डॉक्टरीणबाई हसल्या तेव्हा हौसाही हसली, पण तिनं माझं मनगट घट्ट धरलं होतं.

यंत्रावर राखाडी रंगाचं काहीतरी हलायला लागलं. डॉक्टरीणबाई बोटानं दाखवत होत्या. हे पुढचं हाड. ही काळी दिसते ती लघवीची पिशवी. "आता खोका बघू." हौसा खोकली, आणि ती काळी पिशवी हाडाखाली सरकन घसरली. ज्याला सत्तेचाळीस वर्षं मी हेका म्हणालो ते असं समोर, अर्ध्या क्षणात, घसरताना दिसलं.

"हेच तुम्हाला हाताला लागतं, आजी. गाठ नाही. कॅन्सर नाही. तुमचीच लघवीची पिशवी आहे, खाली आलेली."

"माजीच व्हय?" हौसानं श्वास सोडला. "मग असू दे बाई. घरचंच हाय." माझ्या मनगटावरची पकड सुटली. तिथं तिच्या बोटांचे वळ उठले होते.

मग त्यांनी काहीतरी दाबलं आणि चित्र बदललं. वरून खाली बघावं तसं दिसायला लागलं. "हा स्नायूचा पट्टा बघा. हाडाच्या एका बाजूला धरलेला असतो, मागून वळसा घालून दुसऱ्या बाजूला येतो. वरचं सगळं याच्या आधारावर राहतं."

"गोफण," हौसा म्हणाली.

"काय म्हणालात?"

"गोफण की वं. जुंधळ्यातली पाखरं हाकायला असती ती. दोन्ही दोऱ्या हातात, मधी दगूड."

डॉक्टरीणबाई थांबल्या. "आजी, मी इतकी वर्षं बायकांना समजावतेय, मला हे सुचलं नाही. बरं, आता तुम्हीच सांगा. ही उजवी दोरी बघा, हाडाला आहे ना? आणि डावी?"

हौसानं मान उचलून बघितलं. बराच वेळ बघितलं.

"सुटलीया," ती म्हणाली.

"सुटली आहे. हाडापासून."

"कवा सुटली आसंल?"

"चित्रावर तारीख नसते. पण पहिलं बाळंतपण कसं झालं होतं?"

हौसानं सांगितलं. दोन रात्री कळा, मूल अडलेलं, शेवटी डॉक्टरांनी चिमटा लावून शालनला काढलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या की ठाम सांगता येत नाही, पण लांबलेल्या कळा आणि चिमटा यांत असं बऱ्याचदा होतं. आणि चिमटा लावला नसता तर कदाचित दोघीही राहिल्या नसत्या, त्यामुळं त्यात कुणाला बोल लावू नका. "वरची जखम सांधली की सगळे म्हणतात, झालं. आतली दोरी सुटलेली नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. तेव्हा हे बघायची सोयही नव्हती. लघवी कधीपासून थांबत नाही?"

"तवापासनं."

"म्हणजे?"

"शालन आठ म्हैन्यांची व्हती. त्याच्या आदीपासनं."

डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडं बघितलं. "काका, तुम्हाला माहीत होतं?"

मी म्हणालो, "मी कंडक्टर होतो."

हे काय उत्तर झालं? पण माझ्या तोंडून तेच आलं. त्यांना काही उमगलं नाही. हौसाला उमगलं. ती छताकडं बघत होती.

मग त्यांनी यंत्र तसंच ठेवून हौसाला व्यायाम शिकवला. "अंग आवळून वर ओढा." यंत्रावर ती उजवी दोरी खरोखर आखडली, पिशवी तसूभर वर आली. "बघा, उठली," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "म्हातारं मेंढरू उठल्यागत उठली," हौसा म्हणाली, "पर उठली." सुटलेली दोरी आपोआप परत जोडली जात नाही, हे त्यांनी स्पष्ट सांगितलं. पण राहिलेल्या बाजूला बळ येतं, आणि खाली आलेल्या अंगाला आधार द्यायला मऊ रबरासारखी एक रिंग बसवता येते. ती काढता येते, धुता येते. ऑपरेशनचं नंतर बघता येईल, घाई नाही. रिंग त्याच दिवशी बसवली. हौसा खोलीत चार फेऱ्या मारून आली, एकदा खाली बसून उठली आणि कुणाला उद्देशून नाही, नुसतीच म्हणाली, "हात्तिच्या."

शालन बाहेर बाकावर होती. ती आईच्या गळ्यात पडली. "म्हंजे माज्यामुळं झालं व्हय गं सगळं?"

"तुज्यामुळं कशानं? तू काय हातात चिमटा घिऊन आली व्हतीस?" हौसा म्हणाली. सगळ्या दवाखान्यानं वळून बघितलं.

संध्याकाळी आम्ही कृष्णेच्या घाटावर गेलो. मी भडंग घेतलं, तिला तिखट लागलं, ती माझ्या बाटलीतलं पाणी घटाघटा प्यायली. मी बघत राहिलो. मग घाटाच्या पायरीवर बसली. घोंगडीचा तुकडा पिशवीतच राहिला होता.

परतीचा दिवस

तासगावच्या स्टँडवर तिनं उसाचा रस मागितला. मोठा ग्लास. प्रवासात रस पिणारी हौसा मी पहिल्यांदा बघत होतो. अर्धा पिऊन ती माझ्याकडं बघून हसली आणि उरलेला एका दमात संपवला. विट्याला उतरून, कंडक्टरणीनं सांगितलेली जागा शोधून, जाऊन आली. कडी खरंच तुटली होती. "तिनं सांगितलं तसंच हाय," ती खुशीत म्हणाली, जणू एखादं देऊळ बघून आली.

गाडीत ती मनाशी आकडे मोजत व्यायाम करत होती. मी शेजारी बसून बरोबर मोजत होतो. नोकरीत डोकी मोजली, आता हे. एवढं हलकं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. म्हातारपणी सगळं जागच्या जागी बसतं आहे असं वाटत होतं.

भिवघाट मागं पडला आणि ती उठली. "कंडक्टर, लिंबाच्या फाट्यावर उतरायचं हाय."

"हितं कशाला?" मी म्हणालो.

"चला तर."

गाडी गेल्यावर ती कडुलिंबाखाली उभी राहिली आणि पिशवीतून तो घोंगडीचा तुकडा काढला. "हे कुणी दिलं म्हाईत हाय?"

मला वाटत होतं तिनंच कुठल्या जुन्या घोंगडीचा कापून ठेवला असेल.

"ठकूबाईनं. तुमी तिला हितं उतरीवली ती."

त्या बाईचं नाव मला पहिल्यांदा कळलं. मला तिचं फक्त तिकीट माहीत होतं.

मग हौसानं सांगितलं. त्या प्रसंगानंतर वर्षभरानं ठकूबाई तिला म्हसवडच्या बाजारात भेटली. हौसा तोंड लपवून निघाली होती, तर तिनंच हाक मारली, "अगं ए कंडक्टरीण, पळतीस कुठं?" आणि खांद्यावरची घोंगडी दगडानं फाडून तुकडा दिला. "ह्यातनं पाणी लौकर खाली जात न्हाई. बसशील तिथं घालत जा." त्यानंतर वर्षानुवर्षं ती बाजाराला आली की दोघी देवळाच्या भिंतीला टेकून बसत. घोंगडीचा तुकडा विरला की ती नवा आणायची. हा पाचवा का सहावा. "तुमी कवा इचारलंच न्हाई, हे कुठनं येतंय," हौसा म्हणाली. "दोन वरसं झाली, ती बाजाराला आली न्हाई. तिचा ल्योक हितं हॉटेल चालवतो म्हणाली व्हती. तिला सांगायचं हाय, गोफणीची दोरी सुटली व्हती म्हणून."

पत्र्याच्या हॉटेलात पन्नाशीचा एक दणकट माणूस चहा उकळत होता. मागं वाघरात, जाळीच्या कुंपणात, मेंढरं. भिंतीवर फोटो आणि फोटोला हार. हौसानं फोटो बघितला आणि खाली बाकड्यावर बसली. विचारायचं काही उरलं नव्हतं.

"आईला वळखत व्हता व्हय?" तो म्हणाला. "दोन वरसं झाली. झोपंतच गेली." त्याचं नाव बिरू. हौसानं म्हसवडच्या बाजारातली मैत्रीण म्हणून सांगितलं. त्यानं आम्हाला चहा दिला, आणि म्हसवडहून आलो म्हटल्यावर विचारलं, एसटीनं आलात का.

"एसटीनं," मी म्हणालो.

"माझं आन् एसटीचं लय जुनं भांडान हाय," बिरू हसत म्हणाला. बाकावर तिघं-चौघं गिऱ्हाइकं होती, तीही आधीच हसायला लागली. गोष्ट त्यांना पाठ असावी. "मी ल्हान असताना गाडी भिजीवली म्हणं. आईला आन् मला कंडक्टरनं ह्याच लिंबाखाली उतरीवलं. आई सांगायची. सारी वाडी अजून चिडीवती मला. लगनात बी चिडीवलं. आजबी एसटीत बसायच्या आदी दोन डाव जाऊन येतो मी."

"आन् तरी दारापाशीच बसतो," एक गिऱ्हाईक म्हणालं. हशा झाला.

मी हौसाकडं बघितलं. ती फोटोकडं बघत होती. ठकूबाईनं स्वतःच्या लेकालासुद्धा खरं सांगितलं नव्हतं. एका परक्या बाईची अब्रू तिनं पोटच्या पोराच्या नावावर झाकली आणि झाकलेलीच ठेवून गेली. हौसानं मग माझ्याकडं बघितलं. सांगायची पाळी माझी होती.

"बिरू," मी म्हणालो, "त्या गाडीचा कंडक्टर मी होतो."

बिरू माझ्याकडं बघत राहिला. मग त्याच्या तोंडावर हसू पसरलं, त्यानं हात फडक्याला पुसले, पुढं आला आणि वाकून माझ्या पायांवर डोकं ठेवलं.

"काका, आईची लय इच्छा व्हती तुमाला भेटायची. तिला वाटायचं तुमी कवातरी याल हितं. माझ्या हातनं ल्हानपणी चूक झाली, तुमाला तरास झाला. माफ करा मला."

माझा हात त्याच्या डोक्यावर गेला. केस पिकलेले होते. मी तोंड उघडलं. तेवढ्यात बाहेर कोणीतरी ओरडलं, "म्हसवड गाडी आली वं!" आणि बिरूच धावत जाऊन रस्त्यात हात करून उभा राहिला. त्यानं हौसाची पिशवी चढवली, मला काखेत हात घालून वर घेतलं, चहाचे पैसे घेतले नाहीत. कंडक्टरनं डबल बेल दिली.

आटपाडी जवळ आली तेव्हा हौसा म्हणाली, "सांगितलं न्हाईसा."

"गाडी आली."

"गाडीला काय झालं व्हतं? तीन मिनिटं थांबली असती."

मग तीच म्हणाली, "लिवा मग. माजं नाव घालून लिवा. आता मला कशाची लाज?"

म्हणून लिहिलं. फाट्यावर खिडकीतून तो दिसेनासा होईपर्यंत माझ्या तोंडात एवढंच होतं, आणि घंटा वाजली तेव्हाही ते तोंडातच राहिलं: बिरू, ऊठ बाबा. ती गाडी तू भिजवली नव्हतीस. माफी मी मागायची होती.